पीटीएच्या नॉमिनेटिंग कमिटीवर नाव आलंय, आता पदांसाठी माणसं कशी निवडायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात तुमच्या मुलीच्या एलिमेंटरी शाळेतल्या पीटीएच्या (पालक-शिक्षक संघटनेच्या) सभेत तुम्हाला पाच जणांच्या नॉमिनेटिंग कमिटीवर निवडून दिलं आहे. पुढच्या वर्षीच्या बोर्डासाठी नावं सुचवायची आहेत. मावळत्या प्रेसिडेंटनी "हीच नावं पुढे करा" म्हणत तुमच्या हातात यादी ठेवली आहे. शाळेतल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर "या वेळी आपलं कुणीतरी बसवा" असा आग्रह सुरू आहे. प्रेसिडेंट व्हायला दोघं तयार आहेत, ट्रेझरर व्हायला कुणीच नाही. आणि तुम्ही विचारताय, चांगला उमेदवार ओळखायचा कसा?

मी बे एरियातल्या आमच्या शाळेत ट्रेझरर होते, पुढे पार्लमेंटेरियनही (सभेच्या नियमांबद्दल सल्ला देणारी) झाले आणि नॉमिनेटिंग कमिटीवर बऱ्याचदा बसले. त्या अनुभवावरून सांगते, तुमची खरी अडचण उमेदवार ओळखण्याची नाही. दहा जण रांगेत उभे आहेत आणि त्यातून एक निवडायचा आहे, असं पीटीएत क्वचितच होतं. बहुतेक वेळा काम असतं ते कुणाच्या मनातही नसलेली गोष्ट त्याला जाऊन विचारायचं, आणि विचारताना त्या पदात नेमकं काय करावं लागतं हे लपवाछपवी न करता सांगायचं. कमिटीचं निम्म्याहून जास्त यश या एका संभाषणावर असतं. पण त्याआधी तुमच्यावर येणारा दबाव बाजूला काढू, कारण त्याच्यासकट हे संभाषण नीट होत नाही.

सगळ्यात आधी तुमच्या युनिटचे, म्हणजे तुमच्या शाळेच्या पीटीएचे, बायलॉज (नियमावली) मागून घ्या. मी पुढे जे सांगते त्यातलं बरंच त्यावर अवलंबून आहे. शाळेचा गट पीटीए असेल तर तो राज्य आणि राष्ट्रीय संघटनेशी जोडलेला असतो आणि त्याचे बायलॉज ठरलेल्या साच्यातले असतात. पीटीओ किंवा होम अँड स्कूल असोसिएशन असेल तर तो स्वतंत्र गट, त्यांचे नियम त्यांनीच केलेले, कधी दोन पानांचे तर कधी नसल्यातच जमा. तुमची पीटीए आहे, म्हणजे निम्मी उत्तरं लिहिलेली सापडतील: कमिटी निवडणुकीच्या किती आधी निवडायची (आमच्याकडे निदान दोन महिने), नावं सभासदांना कधी कळवायची (साधारण महिनाभर आधी), एका पदावर सलग किती वर्षं राहता येतं, उमेदवार किती दिवस आधीपासून सभासद असायला हवा. या शेवटच्या मुद्द्यावर माणसं नाहक बाद होतात. ज्यांचा विचार करताय त्यांनी सभासद वर्गणी भरली आहे का, हे आजच बघून ठेवा.

आता प्रेसिडेंटची यादी. तुमच्या बायलॉजमध्ये बहुधा शेवटी एक ओळ असेल की ज्या बाबतीत इथे काही म्हटलेलं नाही तिथे 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर' लागू. हेन्री मार्टिन रॉबर्ट या अमेरिकी लष्करातल्या इंजिनिअर अधिकाऱ्याने १८७६ साली सभासंचालनाचे हे नियम छापले. त्यात स्पष्ट सांगितलंय की अध्यक्षाने नॉमिनेटिंग कमिटी नेमू नये आणि पदसिद्ध सदस्य म्हणून तिच्यात बसूही नये. इतर सगळ्या कमिट्यांत प्रेसिडेंटला सहसा जागा असते, इथे मुद्दाम नाही. जो आज खुर्चीवर आहे त्याने आपल्या मागे कोण बसणार हे ठरवू नये, एवढंच त्यामागचं कारण.

महाराष्ट्रात ज्यांची भाचरं-पुतणी खासगी शाळेत आहेत त्यांना हे लगेच कळेल. तिथल्या शुल्क विनियमन अधिनियमात (२०११ चा कायदा) पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती लॉटरीने निवडायची तरतूद आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, आणि शाळेने सुचवलेली फी आधी या समितीपुढे जाते. फीचा निर्णय हातात असल्यामुळे संस्थाचालक आपली माणसं समितीवर बसवतील ही भीती, म्हणून चिठ्ठ्या. इथे फी नाही, पण भीती त्याच जातीची आहे. उपाय वेगळा निघाला: सभासदांनी निवडलेली छोटी कमिटी, आणि प्रेसिडेंट तिच्या बाहेर.

तेव्हा ती यादी घ्या, आभार माना, आणि ती बाकीच्या सूचनांमध्ये मिसळून टाका. फेकून देऊ नका. वर्षभर कुणी खुर्च्या उचलल्या, कुणी नुसतं नाव लावलं, हे प्रेसिडेंटला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. मी तर मावळत्या बोर्डातल्या प्रत्येकाला वेगवेगळं भेटून एकच प्रश्न विचारते: "तुमच्या कामात या वर्षी न सांगता मदतीला कोण आलं?" या प्रश्नाला जी नावं येतात ती यादीत सहसा नसतात. मुख्याध्यापकांनाही विचारा. बऱ्याच युनिट्समध्ये ते कमिटीचे सल्लागार असतातच. मात्र निर्णय कमिटीचा.

"आपलं कुणीतरी बसवा" याबद्दल मला मनापासून बोलायचंय. यात वाईट हेतू नसतो. आपले लोक दिवाळीच्या कार्यक्रमाला, रविवारच्या मराठी शाळेला जीव तोडून राबतात आणि पीटीएच्या सभेला मात्र मागे बसतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय, आणि ते बदलावं असं मलाही वाटतं. पण त्याची जागा कमिटीतलं तुमचं मत नाही. ग्रुपवर लिहा की इच्छुकांनी फॉर्म भरा, अमुक तारखेच्या आत, आणि तिथेच थांबा. कुणाचं नाव चर्चेत आहे, कुणाला फोन गेला, यातलं एक अक्षर तिथे लिहू नका. आणि कमिटीत बसल्यावर एखाद्या मराठी पालकाचं नाव आलं तर जे प्रश्न इतरांबद्दल विचाराल तेच त्यांच्याबद्दल विचारा. नॅशनल पीटीए १८९७ साली वॉशिंग्टनमध्ये अ‍ॅलिस मॅक्लेलन बर्नी आणि फीबी हर्स्ट यांनी आयांची संघटना म्हणून सुरू केली. वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीय पालकांना स्वतःची वेगळी राष्ट्रीय संघटना उभारावी लागली, सेलिना स्लोन बटलर तिच्या संस्थापक, आणि दोन्ही एकत्र आल्या त्या थेट १९७० साली. टेबलाभोवती कोण नाही, हा प्रश्न या संस्थेला फार जुना आहे. म्हणून आमच्या कमिटीत आम्ही संपूर्ण बोर्डाकडे एकदा बघतो: सगळे एकाच सोसायटीतले तर नाहीत? स्पॅनिश बोलणाऱ्या घरांशी बोलू शकेल असं कुणी आहे का? सगळे पाचवीचे पालक असतील तर जूनमध्ये बोर्ड रिकामं होईल, त्याचं काय?

हा शेवटचा मुद्दा विसरला जातो. एलिमेंटरीतून मूल बहुतेक ठिकाणी पाचवीनंतर बाहेर पडतं. प्रेसिडेंटचं मूल पाचवीत असलं तरी चालतं, पण मग व्हाइस प्रेसिडेंट दुसरी-तिसरीच्या पालकांतला घ्या, म्हणजे वर्षभर शेजारी बसून शिकेल आणि पुढे उभा राहील. एकदा असं लावून दिलं की पुढच्या कमिटीचं काम अर्ध्यावर येतं.

आता विचारायचं कसं. आमचा क्रम असा आहे. आधी सगळ्या पालकांना आणि शिक्षकांना इच्छुकतेचा फॉर्म जातो, शाळेत ज्या भाषा चालतात त्या भाषांत. फॉर्म भरला म्हणजे उमेदवारी मिळाली असं नाही, हे त्यावरच लिहायचं. मग कमिटीची बैठक, दार लावून, साधारण शाळेच्या लायब्ररीत संध्याकाळी. आम्ही व्यक्तीपासून सुरुवात करत नाही. फळ्यावर आधी पदं लिहितो आणि प्रत्येकाखाली त्या पदाचं खरं काम. सेक्रेटरीला सभेचा वृत्तांत वेळेवर आणि कमी शब्दांत लिहिता आला पाहिजे, त्याला भाषण नाही आलं तरी चालेल. प्रेसिडेंटला लोकांचं ऐकून घेता आलं पाहिजे, सभा वेळेत संपवता आली पाहिजे, आणि काम दुसऱ्याच्या हातात देऊन गप्प बसता आलं पाहिजे. हा तिसरा गुण दुर्मीळ आहे. सगळं स्वतः करणारी, रात्री दोनला ईमेल पाठवणारी, सगळ्यांची लाडकी व्यक्ती प्रेसिडेंट झाली की पहिल्या वर्षी कार्यक्रम झकास होतात आणि दुसऱ्या वर्षी तिच्याभोवती कुणी उरत नाही.

प्रत्येक पदासाठी कमिटी एका नावावर येते, गरज पडली तर मतदानाने, आणि क्रमाने दुसरं-तिसरं नावही ठरवून ठेवते. मग एकाच सदस्याने एकाच व्यक्तीला फोन करायचा. तिने नाही म्हटलं तरच पुढचा फोन. दोघांना एकदम विचारलं आणि दोघं हो म्हणाले, तर त्यातल्या एकाला नकार कळवणं फार अवघड जातं. कमिटीतल्याच कुणाचं नाव एखाद्या पदासाठी आलं तर त्यात गैर काही नाही, कमिटीवर असणं म्हणजे अपात्र ठरणं नव्हे. त्या पदावर चर्चा होईपर्यंत त्यांनी बाहेर थांबावं, एवढं आमच्याकडे पाळतात.

तुमची मुख्य काळजी ट्रेझररची आहे, तर तिथे जरा थांबते. हे पद कुणी घेत नाही याचं कारण बहुतेक वेळा विचारणारा माणूस असतो. तो म्हणतो, "काही नाही हो, महिन्यातून दोन-चार चेक लिहायचे." समोरच्याला कळतं की काहीतरी दडवलं जातंय. पैशाचं काम आहे, माणूस सावध होणारच. मी जेव्हा असा फोन करते तेव्हा वर्ष उलगडून सांगते. फॉल कार्निव्हल संपला की रोख रक्कम दोघांनी एकत्र बसून मोजायची, फॉर्मवर दोघांच्या सह्या, आणि पैसे घरी न ठेवता बँकेत. प्रत्येक चेकवर दोन सह्या लागतात, आणि सही करणारे दोघं एकमेकांचे नातेवाईक किंवा एका घरात राहणारे असून चालत नाही. (म्हणून नवरा प्रेसिडेंट आणि बायको ट्रेझरर ही जोडी सुचवू नका.) पावतीशिवाय परतफेड नाही, समोर आपली मैत्रीण असली तरी नाही. दर महिन्याला बोर्डापुढे अहवाल. वर्षाची ढोबळ मिळकत साधारणपणे ५०,००० डॉलरच्या आत असेल तर आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) दरवर्षी ९९०-एन हा छोटा ऑनलाइन फॉर्म जातो, त्याहून जास्त असेल तर मोठा. आणि हे सलग तीन वर्षं राहून गेलं तर संस्थेची करसवलत आपोआप रद्द होते. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मोठ्या फंडरेझरचा महिना दमवणारा, बाकीचे महिने सुसह्य.

एवढं ऐकल्यावर काही जण नाही म्हणतात, आणि ते बरंच झालं, कारण ते नोव्हेंबरमध्ये सोडून गेले असते. पण काही जणांचा आवाज इथे बदलतो. "म्हणजे सगळं लिहिलेलं आहे तर. मग जमेल." असं एक बाई मला म्हणाल्या होत्या. त्या कार्यक्रमांना कधी फारशा दिसल्या नव्हत्या, गर्दीत बोलायला त्यांना आवडत नसे. बुक फेअरचा हिशेब त्यांनी एकदा करून दिला होता तो सेंटपर्यंत जुळला होता, एवढ्यावरून नाव आलं होतं. पुढे त्यांनी जी फाइल लावून ठेवली तीच आमच्याकडे अजून वापरात आहे. अशी माणसं फॉर्म भरत नाहीत. त्यांना कुणीतरी नाव घेऊन, "तुम्ही तो हिशेब केलात म्हणून विचारतेय" असं कारण देऊन विचारावं लागतं. कारण सांगितल्याशिवाय "तुम्ही व्हा ना" म्हणणं म्हणजे कुणीही चालेल असं म्हणणं, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच समजतं.

तरीही कुणी मिळालं नाही तर? तर अहवालात ती जागा रिकामी ठेवा. तसं करता येतं. सभेत सभासदांतून नाव येऊ शकतं, तिथेही आलं नाही तर पद रिक्त राहतं आणि बायलॉजमध्ये रिक्त पद भरायची पद्धत दिलेली असते. तोपर्यंत काम वाटून कमी करता येतं का ते बघा. परतफेडीचे फॉर्म तपासायला एक मदतनीस देता येईल का? "दुसरं कोणी नाहीये हो, तुम्ही नाही म्हणालात तर पीटीए बंद पडेल" असं म्हणून कुणाच्या गळ्यात पद घालू नका. पैशांच्या पदावर तर अजिबात नको. मनाविरुद्ध बसलेला ट्रेझरर बँकेची स्टेटमेंट्स उघडत नाही, आणि ते जूनमध्ये ऑडिटच्या वेळी कळतं. "तोवर प्रेसिडेंटच बघतील पैशाचं" ही तडजोडही मान्य करू नका, प्रेसिडेंट कितीही सचोटीचे असोत. दोन सह्यांच्या नियमाचा अर्थच मग उरत नाही.

प्रेसिडेंटसाठीचे दोघं हा त्यामानाने सोपा भाग आहे, फक्त अवघडल्यासारखं होतं. कमिटीने एका पदाला एक नाव द्यायचं असतं, दोन नावं देऊन निर्णय सभेवर ढकलायचा नसतो. दोघांना तेच प्रश्न विचारा: पुढच्या वर्षी पहिले तीन महिने काय कराल, कुठलं काम दुसऱ्याला द्याल, बोर्डात तुमच्या विरोधात मत गेलं तर काय कराल, संध्याकाळच्या सभांना येणं जमेल का. उत्तरं ऐका, मत घ्या, ठरवा. मग ज्यांचं नाव जाणार नाही त्यांना यादी बाहेर पडायच्या आधी स्वतः फोन करा, मेसेज नको. का नाही याचं विश्लेषण करत बसू नका, कोणाला किती मतं पडली हे तर मुळीच सांगू नका. एवढंच सांगा की कमिटीने दुसरं नाव ठरवलं, तुमच्या तयारीची कदर आहे, आणि सभेत सभासदांतून तुमचं नाव येऊ शकतं, तो तुमचा पूर्ण हक्क आहे.

हा हक्क आपल्याकडच्या पालकांना बऱ्याचदा माहीत नसतो. एका पदाला एकच नाव छापलेलं बघून त्यांना वाटतं, सगळं आधीच ठरलंय. तसं नाही. निवडणुकीच्या सभेत कमिटीचा अहवाल वाचल्यावर प्रेसिडेंटने प्रत्येक पदासाठी "आणखी कुणाचं नाव?" असं विचारलंच पाहिजे. कुणीही सभासद नाव सुचवू शकतो, त्याला अनुमोदक लागत नाही, फक्त ज्याचं नाव घेतलंय त्याची संमती आधी घेतलेली असावी. एकापेक्षा जास्त नावं आली की चिठ्ठीने गुप्त मतदान. बायलॉजमध्ये एकच उमेदवार असतानाही चिठ्ठीचं बंधन असेल तर मग हात वर करून भागवता येत नाही. अशी चुरस झाली तर कमिटीचा अपमान झाला असं मानू नका. मी तर सभेआधी ग्रुपवर हे सगळं लिहून टाकते, म्हणजे ज्यांना "आपलं कुणीतरी" हवंय त्यांना सरळ, उघड मार्ग माहीत असतो.

गुप्ततेबद्दल एक सांगायचं राहिलं. कोणी नकार दिला, कोणाच्या आजारपणाचा किंवा घरातल्या अडचणीचा उल्लेख झाला, कोण दुसऱ्या क्रमांकावर होतं, यातलं काहीही बाहेर जायला नको. ज्यांनी हो म्हटलं त्यांना आपण तिसरी पसंती होतो हे कधीही कळू नये. नोंदी एकाच कागदावर ठेवा, शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये नको, आणि निवडणूक पार पडल्यावर तो कागद नष्ट करा. संमती मात्र लेखी घ्या, एका ओळीचा ईमेल पुरतो: अमुक पदासाठी माझं नाव द्यायला माझी हरकत नाही, कामाचं स्वरूप मला सांगण्यात आलं आहे. दुसरं वाक्य मी आवर्जून लिहून घेते.

वेळेचं गणित तुमच्या सभेच्या तारखेवरून उलटं मांडा. समजा निवडणूक एप्रिलच्या मध्यावर आहे. नावं मार्चच्या मध्यावर जाहीर व्हायला हवीत, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा होकार हातात हवा. लोक विचार करायला आठवडा मागतात, घरी बोलतात, मग नाही म्हणतात. प्रत्येक पदासाठी असे दोन नकार धरून चाला, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच फोन सुरू झाले पाहिजेत. ट्रेझररचा फोन सगळ्यांत आधी, प्रेसिडेंटच्याही आधी. नवं बोर्ड बहुतेक ठिकाणी १ जुलैला सूत्रं घेतं, त्यामुळे मे आणि जूनमध्ये जुन्या-नव्यांना शेजारी बसायला वेळ मिळतो, तोही तुमच्या नॉमिनींना फोनवरच सांगून ठेवा.

आणि अहवाल सादर झाला की कमिटीचं काम संपलं असं धरलं जातं खरं, पण मतदानाआधी एखाद्या नॉमिनीने माघार घेतली तर तीच कमिटी पुन्हा उभी राहते आणि तिला दुसरं नाव शोधावं लागतं. बदली होते, घरात आजारपण येतं, नवी नोकरी लागते, हे दर दोन-तीन वर्षांनी एकदा होतंच. म्हणून तो एक कागद निवडणुकीच्या रात्रीपर्यंत जपून ठेवा, आणि त्या आठवड्यात पाचांपैकी निदान तिघं तरी गावात असतील याची खात्री आत्ताच करून घ्या.